सतरंजीवर राहिलेला विडा

बाबा,

अकोल्याच्या या घराला चिकेचा पडदा नाही. खिडकीला नुसत्या फळ्या आहेत. त्या लावल्या की अंधार होतो आणि उघडल्या की रस्ता घरात येतो. त्यामुळे गेले काही दिवस ओसरीवर बसायला आलेले लोक तुमच्याविषयी काय बोलतात ते मला सरळ ऐकू येत होतं. कुणी म्हणालं, साहेबाचा माणूस होता. कुणी म्हणालं, छे, साहेबाच्या पदरी राहून रयतेचं काम करणारा होता. मी आत बसून दोन्ही ऐकलं. या सगळ्यांना तुमचं मराठी बोलणं तेवढं माहीत होतं. इंग्रजीतले तुम्ही त्यांनी कधी ऐकले नाहीत. साहेबांनी इंग्रजीतले ऐकले, पण मराठीत तुम्ही काय बोलत होतात ते त्यांना कळलं नाही. दोन्ही ऐकणारी मी एकटी, आणि मी कुणाला काही सांगत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही मला नागपूरला मडमेच्या शाळेत घातलंत तेव्हा माझं कुंकू पुसून वर्षही झालं नव्हतं. ज्या मुलाशी माझं लग्न लागलं होतं त्याचा चेहरा मला आठवत नाही. पटकीत गेला, एवढंच कळलं. भावकीनं तुम्हाला विचारलं, पोरीला बाटवायला पाठवता का? तुम्ही मला गाडीत बसवलंत आणि त्यांनी आपल्याकडे जेवणं सोडलं. शाळा संपवून मी परतले ती इंग्रजी वाचणारी, बोलणारी, पण चारचौघांत तोंड न उघडणारी. आई शेजारणींना सांगायची, "इंग्रजी शिकली अन् बोलनंच इसरली." त्यावर तुम्ही म्हणायचात, "ऐकनं तं शिकली ना? दुभाष्याच्या घरी थेच लागते."

कचेरीत तुमची भाषा परीटघडीची असायची. पगोटं काढून खुंटीला लावलंत की ती आपल्या गावची, बार्शीटाकळीची व्हायची. मला 'माय' म्हणून हाक मारायचात. आता त्या हाकेला ओ देणं उरलं नाही, याची सवय मला अजून झालेली नाही. आईनं कुणाही बाईला 'ये माय' म्हटलं की मी मान वळवते.

अमरावतीला कोटाच्या आत, जुन्या चावडीच्या मागच्या दोन खोल्यांत आपण राहायचो. चावडी आणि आपली खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती आणि तिला बांबूची बारीक चिक होती. चिकेतून मला चावडी दिसायची, चावडीतून मी दिसत नसे. माझ्या स्वभावाला इतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

ती कापसाची वर्षं होती. लढाई अमेरिकेत चालली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि इथं गाड्यांची रांग आपल्या दारातून हलत नव्हती. वाऱ्यावर रुई उडायची. बाभळीच्या काट्यांना कापूस लागल्यासारखा दिसे. आई वरणातून धागे काढायची आणि म्हणायची, "कुठली लढाई अन् कोनाच्या वरनात!" कोटाच्या आत, घरांना खेटून कापसाच्या गाड्या उभ्या असायच्या. एखाद्यानं चिलीम झटकली असती तर अर्धं गाव गेलं असतं. म्हणून साहेबांनी ठरवलं, की गावाबाहेर कापसाचं आवार करायचं. जागाही त्यांच्या मनात होती, वेशीबाहेरचं चिंचेखालचं मैदान. तिथं सावली होती आणि मुख्य म्हणजे माळ्यांची पायविहीर होती, पायऱ्या उतरून पाणी भरायची. बैलांना पाणी, आणि आग लागली तर तेच पाणी.

पण साहेब तरुण होते, नवे होते, आणि त्यांनी मनाशी एक धरलं होतं. लोकांना विचारल्याशिवाय हुकूम काढायचा नाही. याआधी आपल्याकडे कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं. वरून हुकूम यायचा, खालून मान हलायची. आता दवंडी फिरली, की आवार कुठं करायचं ते ठरवायला चावडीवर या. अडते आले, त्यांच्यातले मोठे शेठ आले, गाडीवान आले, देशमुख आले, आणि मागे भिंतीला टेकून माळी बसले. त्यांच्यात पुढे खंडूजी होते. त्यांच्या वांग्याच्या, मेथीच्या वाफ्यांना त्या पायविहिरीशिवाय दुसरं पाणी नव्हतं.

पहिली बैठक मी चिकेतून पूर्ण पाहिली. साहेब दहा वाक्यं बोलले, तुम्ही दहा वाक्यं बोललात. मग त्यांनी विचारलं, कुणाची काही हरकत आहे का? तुम्ही विचारलंत. कुणी बोललं नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. खंडूजींनी पगोटं नीट केलं, बस. साहेब प्रसन्न झाले. इंग्रजीत म्हणाले, "म्हणजे सगळे राजी आहेत. तसं लिहून घ्या." आणि तुम्ही लोकांकडे वळून म्हणालात, "साहेब म्हणतात, घाई नाही, अजून विचार करा."

मी चिकेआड ताठ बसले. साहेबांनी असं काही म्हटलंच नव्हतं.

मग शिपायानं ताट फिरवलं. आपल्या भागात मोठ्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. बैठक संपताना प्रत्येकासमोर विडा ठेवतात. पटलं असेल तर माणूस तो उचलून तोंडात टाकतो. पटलं नसेल तर विडा जागीच राहू देतो आणि रामराम करून उठतो. कुणी टोकत नाही, कुणी कारण विचारत नाही. पण सतरंजीवर एक जरी विडा राहिला तरी बोलणं संपलं असं धरत नाहीत. पुन्हा बसावं लागतं. मला हे नागपूरला कुणी शिकवलं नव्हतं, लहानपणी बार्शीटाकळीला आजोबांच्या पारावर पाहिलेलं होतं. त्या दिवशी भिंतीकडची सगळी रांग उठून गेली आणि सतरंजीच्या त्या कडेला विडे तसेच राहिले.

साहेबांनी ते पाहिले. तुम्हाला म्हणाले, "पानं चांगली नव्हती वाटतं. पुढच्या वेळी चांगली मागवा." शिपायानं विडे गोळा केले आणि जाता जाता दोन गालांत दोन भरले.

संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात आणि मी, जी जेवताना कधी बोलत नसे, ती बोलले. "बाबा, साहेब जे बोलले नाहीत ते तुम्ही सांगितलंत."

"हो."

"आणि लोकांनी जे सांगितलं, ते तुम्ही साहेबांना सांगितलं नाही."

"लोकायनं काय सांगतलं? कोनी बोललं का?"

"विड्यांनी सांगितलं."

तुम्ही घास खाली ठेवलात आणि आईकडे पाहिलंत. "पाह्य, तुझी मुकी पोरगी!" मग मला म्हणालात, "माय, साहेबाले विड्याचं सांगतलं, तं तो उद्या विडे मोजन. अन् साहेब विडे मोजते हे शेठले समजलं, की शेठ आपल्या मानसाले म्हनन, खा, नाई तं कामावर येऊ नोको. आज गरिबाले न बोलता नाई म्हनता येते. थेबी जाईन."

मी म्हटलं, "आणि न सांगितलं तर विहीर जाईल."

तुम्ही ताट बाजूला सारलंत. हात धुतलेत, पानाचा डबा घेतलात, एक विडा लावलात आणि माझ्यासमोर ठेवलात. माझ्यासारख्या विधवेपुढे विडा कुणी ठेवत नाही. मी तो उचलला नाही. खाणं मला शक्यच नव्हतं, आणि पटलेलंही नव्हतं. तुम्ही हसलात. "मंजे पुन्हा बसा लागन," म्हणालात. आईनं विडा झटकन उचलून स्वतः खाल्ला आणि दार लावून घेतलं, कुणी पाहिलं तर म्हणून.

त्यानंतर तो आपला रिवाजच झाला. वाद झाला की तुम्ही विडा लावायचात, माझ्यापुढे ठेवायचात, आणि तो राहायचा. किती विडे आईनं खाल्ले असतील! "तुमच्या भांडनापायी माह्ये दात लाल झाले," असं ती म्हणायची. मला तेव्हा ती आपली घरातली थट्टा वाटायची. तुम्ही मला बैठकीत धरत होतात, हे मला आत्ता आत्ता उमगतं आहे.

दुसऱ्या बैठकीला अंजनगावची पानं आली, वेलदोडा घातलेली. तीसुद्धा भिंतीकडे तशीच राहिली. साहेब चक्रावले. म्हणाले, "या लोकांना काय आवडतं तेच कळत नाही." आणि हुकुमाचा मसुदा लिहायला सांगितला. दुसऱ्या दिवशी मैदानात खुंट्या ठोकायला माणसं गेली. खंडूजी आपल्या दाराशी आले, आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "रावसाहेब, दोनदा विडा तसाच ठेवला. अजून कसं नाई म्हनाचं असते? आमाले तं एवढंच येते."

तुम्ही त्यांना पाणी दिलंत. ते गेल्यावर बराच वेळ पगोटं हातात धरून बसून राहिलात. मला वाटतं, तुम्ही माझ्याकडे पाहत होतात, पण मी मान वर केली नाही. त्या दिवशी तुम्ही विडा लावला नाहीत.

तिसरी बैठक तुम्हीच मागून घेतलीत. काय कारण सांगितलंत कुणास ठाऊक. चावडी इतकी भरली होती, की पायऱ्यांवर माणसं बसली. तुम्ही साहेबांच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या खिडकीजवळ उभे राहिलात आणि इंग्रजीत विड्याचा अर्थ सांगितलात. सगळा. पारावरचा, बार्शीटाकळीचा, पहिल्या बैठकीचा, दुसरीचा. तुमचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता. साहेबांचा चेहरा आधी हसरा होता, मग लाल झाला. म्हणाले, "म्हणजे मी दोनदा विचारलं, आणि दोनदा ऐकलं नाही." मग विचारलं, "तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत?" तुम्ही म्हणालात, "भीती वाटली, साहेब." दुभाष्यानं असं बोलायचं नसतं. पण खोटं नव्हतं ते.

अडत्यांच्या मोठ्या शेठना इंग्रजी येत नसलं तरी वारा कळायचा. ते उठले आणि हात जोडून म्हणाले, "आता विड्याची गोष्ट निघालीच आहे, तर साहेबांनी विडे मोजून घ्यावेत. ज्याचे जास्त, त्याचं खरं." तेव्हा मला दिसलं, की सतरंजीवर त्यांचे हमाल ओळीनं बसवलेले आहेत, आणि ताट फिरायच्या आधीच त्यांचे हात पुढे आले आहेत. तुम्ही जे होईल म्हणाला होतात ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं.

तुम्ही शेठचं बोलणं साहेबांना जसंच्या तसं सांगितलंत, एक अक्षर इकडेतिकडे न करता. मग थांबलात. आणि म्हणालात, "साहेब, इथपर्यंत शेठचं बोलणं. आता पुढचं माझं आहे, दुभाष्याचं नाही." मी तुम्हाला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "विडे मोजू नका. ज्याचा राहील त्याच्यापुढे बसा आणि विचारा, का राहिला."

साहेबांनी शिपायाला खूण केली. ताट फिरलं. हमालांनी विडे खाल्ले. भिंतीकडचे राहिले. साहेब खुर्चीवरून उठले, बूट वाजवत सतरंजीवरून मागे गेले आणि खंडूजींच्या विड्यापुढे मांडी घालायला लागले. ती तंग विजार, ते न वाकणारे गुडघे! चावडीत कुणी हसायचं धाडस करेना. खंडूजीच म्हणाले, "राहू द्या साहेब, गुडघे दुखतीन तुमचे."

तुम्ही तेही सांगितलंत. साहेब म्हणाले, "दुखू देत. त्याला विचारा, विडा का राहिला?"

"साहेब," खंडूजी म्हणाले, "आगीचं तुमचं खरं हाये. गाड्या गावाबाहीर पाह्यजेच. पन इहीर एकच हाये. गाड्याचे बैल येतीन चैतात, अन् चैतातच माह्या वांग्याले पानी लागते. बैल पेतीन, मी काय पेरू? तुमी दोनदा इचारलं, मी दोनदा सांगतलं. आता तिसऱ्यांदा मोठ्यानं सांगतो, बस."

मग त्यांच्या शेजारचा बोलला. मग त्याच्या शेजारचा. साहेब सरकत सरकत प्रत्येकापुढे बसले. आणि मधेच शेठच्या ओळीतला एक हमाल, गालात विडा, उभा राहिला. "आमालेबी इचारा ना, साहेब! विडा खाल्ला तं बोलू नये का मानसानं?" आता मात्र सगळी चावडी हसली. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की आवार कुठंही करा पण चिंचा तोडू नका, पाठीवरचं गाठोडं उतरवून बसायला दुसरी सावली नाही. शेठ त्याच्याकडे रोखून पाहत होते. पण तो बोलून बसला होता.

दिवस कलला तेव्हा ठरलं. आवार बडनेऱ्याच्या वाटेवर करायचं, तिकडे रेलगाडीही येणार होती. चिंचा राहतील. विहिरीचं पाणी पाटानं आवारातल्या हौदात न्यायचं. सकाळचा पहिला पहर मोट हौदासाठी चालेल, नंतर दिवसभर बागांसाठी. ताट पुन्हा फिरलं. शेठचा विडा राहिला. पण ते एकटे होते, आणि त्यांना विचारल्यावर "काही नाही, सुपारी कडक आहे" एवढंच म्हणाले. बाकी सतरंजी रिकामी होती.

तुम्ही घरात आलात तेव्हा आईनं तुमची दृष्ट काढली. मी मात्र तुमची वाट अडवून उभी होते. तुम्हाला वाटलं असेल, मी शाबासकी देणार. मी म्हटलं, "सकाळचा पहिला पहर हौदाला दिलात. त्याच वेळी बाया पाण्याला येतात. मोट चालली की पायऱ्यांवरचं पाणी गढूळ होतं. त्यांनी कधी भरायचं?"

तुम्ही दाराशीच थांबलात. पगोटं अजून डोक्यावर होतं.

"कोनाच्याच ध्यानात आलं नाई," म्हणालात.

"कुणाच्या ध्यानात येणार? सतरंजीवर पाणी भरणारं कोण होतं?"

"माय, आज पयल्यांदा साहेब खाली बसला. एवढं एका दिवसात झालं."

"झालं. पण विडा बायांपुढे ठेवलाच नव्हता. मग राहिला की उचलला, कसं कळणार?"

"पुढच्या बैठकीत मांडतो," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "तूच मांड ना. चिक बाजूले करतो." मी आत निघून गेले. तुम्ही विडा लावलात, पाटावर ठेवलात, तो राहिला.

पुढची बैठक तुमच्या वाट्याला आली नाही. पोळ्याच्या आधी बदलीचा कागद आला. अकोल्याला, कागदपत्रांच्या नकला करण्याच्या कामावर. कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दुभाषा स्वतःचं बोलू लागला, की त्याला न बोलायचं काम देतात. मूर्तिजापूरच्या पुढे गाडी हेंदकाळत होती तेव्हा आई म्हणाली, "गप राहाचं होतं तं." तुम्ही म्हणालात, "गप राहाचाच पगार भेटते आता." आणि तुम्हीच हसलात. आम्ही दोघी हसलो नाही.

अकोल्यात तुम्ही उजेडाकडे पाठ करून लिहीत बसायचात. इथं सभा नव्हत्या, साहेब नव्हते. बोलणं कमी झालं. माझ्याशी वाद मात्र चालू राहिला. मी म्हणायचे, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणायचात, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर साहेबांनी मोजलं असतं. दोनदा चुकल्यावरच माणूस खाली बसतो. मला ते अजून पटत नाही. दोनदा चुकेपर्यंत खंडूजींना दाराशी येऊन उभं राहावं लागलं, हे मी विसरत नाही. पण तुमचंही पूर्ण खोटं म्हणवत नाही. शेठचा तो हमाल पुन्हा कामावर दिसला नाही, असं नंतर कानावर आलं. विड्याचा अर्थ मोठ्यांना कळल्यावर काय होतं, याची किंमत त्यानं दिली. हे तुम्हाला आधी दिसलं होतं, मला नाही.

अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव बसला आणि गाड्या विरळ झाल्या. आवारात आता बकऱ्या चरतात म्हणे. पण हुकूम तसाच आहे. रोज सकाळी पहिल्या पहरी मोट चालते, रिकाम्या आवारातला हौद भरते, आणि बाया घडे घेऊन चिंचेखाली पाणी निवळायची वाट पाहत बसतात. हे ऐकलंत तेव्हा तुम्ही लेखणी खाली ठेवलीत. "जाऊन येतो एकदा अमरावतीले," म्हणालात. मग ताप आला.

त्या तापाविषयी मी लिहिणार नाही. एवढंच, की एका सकाळी तुम्हाला बरं वाटत होतं, आणि तुम्ही मला जवळ बसवून विचारलंत, "माय, मी चांगलं भाषांतर केलं का?" मला वाटलं, सभेविषयी विचारता आहात, की नकलांविषयी, की सगळ्याविषयी. मी विचार करत राहिले. मी नेहमी फार वेळ विचार करते. तेवढ्यात आई काढा घेऊन आली आणि तुम्ही डोळे मिटलेत.

तुम्ही गेल्यावर एकदा मी आईला सहज विचारलं, या घराला चिक का नाही? ती म्हणाली, "चावडीच्या खिडकीलेबी नोहती. फळ्या होत्या. तू नागपूरहून आली अन् यायनं बाजारातून चिक आनली. मी म्हटलं, कायले खर्च? तं म्हने, फळ्या लावल्या तं तिले ऐकू येनार नाई, अन् उघड्या ठेवल्या तं थे बसनार नाई."

मी अंगणात जाऊन उभी राहिले. तुमचा तो जरा मोठा आवाज, साहेबांच्या डाव्या हाताला उभं राहायची दुभाष्याची रीत सोडून तुमचं उजवीकडे येणं, खिडकीजवळ. साहेबांसाठी नव्हतं ते.

काल तेरावा झाला. भावकीतले मोजके आले, घाईनं जेवले. पण अमरावतीहून दोन गाड्या भरून माळी आले. खंडूजी आता वाकले आहेत. येताना टोपलीभर वांगी आणली, आणि आईपुढे ठेवून म्हणाले, "रावसाहेबाच्या पान्याची हायेत." जेवणं झाली. सुतक फिटलं म्हणून ओसरीवर सतरंजी टाकली आणि खंडूजींनी विड्यांचं ताट फिरवलं. सगळ्या पुरुषांपुढे विडे ठेवून झाले. आई आणि मी दाराच्या आत बसलो होतो. आता आम्ही दोघी सारख्याच होतो. ताट आमच्यावरून पुढे गेलं.

तेव्हा आई बोलली. जिनं वर्षानुवर्षं माझ्यापुढचे विडे लपवून खाल्ले, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "खंडूजी, तिच्यापुढे ठेवा एक. हे ठेवत होते."

भावकीतल्या काकांनी घसा खाकरला. खंडूजी ताट घेऊन तसेच उभे राहिले. मग परत वळले आणि उंबऱ्याच्या आत, माझ्यापुढे, एक विडा ठेवला.

लोकांनी आपापले विडे उचलले. मी उचलला नाही. माणसं उठू लागली. खंडूजींची नजर माझ्या विड्यावर गेली. ते थांबले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू, ते उंबऱ्याशी मांडी घालून बसले, त्या दिवशी साहेब बसले होते तसे.

"राहिला, माय," ते म्हणाले. "काहून राहिला? सांग."

ओसरीवर उठलेले काही जण पुन्हा बसले. काका दाराशी उभे होते. इथं चिक नव्हती आणि सगळे मला पाहत होते. मग वाटलं, आज चिकेआड तुम्ही बसला आहात, आणि तुम्हाला ऐकू यायला हवं.

मी पदर सारखा केला आणि पायविहिरीच्या सकाळविषयी बोलायला लागले. आवाज जरा मोठा ठेवला.